आयसीयूतली फुफ्फुसाची सोनोग्राफी: हातात मावणारा प्रोब भरपूर वापरल्यावरचं मत

आधीच सांगतो, हा रिव्ह्यू कुठल्या एका मॉडेलचा नाही. मोबाईलला नाहीतर टॅबला जोडून चालणारे जे छोटे सोनोग्राफी प्रोब आलेत त्यांचा आहे, आणि तोही फक्त एकाच कामापुरता, श्वासाचा त्रास वाढून आयसीयूत आलेल्या सिरीयस पेशंटचं फुफ्फुस बघण्यापुरता. पोट, हार्ट, बाकीचं काही इथे येणार नाही. मी आयसीयूत काम करतो, ट्रॉलीवरचं मोठं मशीनही वापरतो आणि हे छोटंही, आणि दोन्ही भरपूर वापरून झालेलं मत असं की पहिल्या पाच मिनिटांत निदान हातात मिळेल या आशेने घेतलंत तर निम्म्या वेळा समाधान होईल आणि निम्म्या वेळा गोंधळ वाढेल, पण तोच पेशंट, तीच जागा, सकाळी, औषध दिल्यावर, पालथं झोपवल्यावर, श्वासनळीतली ट्यूब काढायच्या आधी असं परत परत बघायला वापरलंत तर आयसीयूत याच्या तोडीचं दुसरं काही नाही. एक्सरे रोज एकदा होतो, सीटीला दर वेळी पेशंट हलवायचा म्हणजे व्हेंटिलेटर, सिरिंज पंप, सिस्टर, डॉक्टर सगळी वरात निघते, आणि इथे प्रोब काढला, जेल लावलं, बघितलं.

ज्यांनी कधी वापरलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो की हे मुळात चालतं कसं, कारण फुफ्फुसात हवा असते आणि हवेतून सोनोग्राफीच्या लहरी पुढे जात नाहीत, त्यामुळे फुफ्फुस दिसणारच नाही असं कित्येक वर्षं शिकवलं जायचं. आणि ते खरंही आहे, निरोगी फुफ्फुस दिसत नाहीच. दोन बरगड्यांच्या सावल्या आणि त्यांच्या मध्ये एक चमकदार आडवी रेघ दिसते ती प्लुरा म्हणजे फुफ्फुसावरचं आवरण, आणि खाली त्या रेघेचेच प्रतिध्वनी समान अंतरावर दिसतात त्यांना ए लाइन्स म्हणतात. म्हणजे खाली जे दिसतंय ते फुफ्फुस नाही, हवेवरून परत आलेल्या लहरींचा खेळ आहे. पण फुफ्फुसात पाणी साचायला लागलं, हवा कमी झाली की चित्र बदलतं, प्लुराच्या रेघेपासून खाली स्क्रीनच्या तळापर्यंत जाणाऱ्या उभ्या चमकदार रेघा येतात त्या बी लाइन्स, आणि हवा जवळजवळ संपलीच की मग फुफ्फुस लिव्हरसारखं घट्ट दिसायला लागतं. म्हणजे फुफ्फुस जितकं आजारी तितकं जास्त दिसतं, आणि श्वास निकामी झालेल्या पेशंटमध्ये हे इतकं कामाचं ठरतं ते त्यामुळेच.

आता सगळ्यात आवडलेली गोष्ट. व्हेंटिलेटरवरचा पेशंट, मशीनवर अचानक प्रेशर वाढलं, सॅच्युरेशन खाली आलं, बीपी पडतंय, अशा वेळी मनात पहिला प्रश्न येतो तो न्यूमोथोरॅक्सचा, म्हणजे फुफ्फुसाबाहेर हवा साचली का. (पेशंट कोसळतच असेल आणि चिन्हं स्पष्ट असतील तर प्रोब शोधत बसू नका, आधी हवा काढा.) पण दोन मिनिटं हातात असतील तर उताण्या पेशंटच्या छातीवर पुढून प्रोब ठेवायचा, कारण मोकळी हवा वर येते, आणि प्लुराची रेघ श्वासाबरोबर पुढेमागे सरकतेय का एवढंच बघायचं. सरकत असेल तर त्या जागेखाली न्यूमोथोरॅक्स नाही, विषय संपला. ही "नाही" म्हणायची ताकद आहे ना, ती मला कुठल्याच दुसऱ्या तपासणीत बेडच्या बाजूला इतक्या पटकन मिळत नाही. उताण्या पेशंटच्या एक्सरेत पुढे साचलेली हवा सहज सुटून जाते, हे आयसीयूत काम करणाऱ्या सगळ्यांना माहीत आहे. बी लाइन्स दिसल्या तरी तेच, त्या प्लुराच्या दोन थरांतल्या आतल्या थरापासून निघतात, म्हणजे तिथे फुफ्फुस छातीच्या भिंतीला चिकटलेलं आहे. आणि नुसती "लंग पल्स", म्हणजे हृदयाच्या ठोक्याबरोबर होणारी प्लुराची बारीक थरथर दिसली तरी पुरे.

पण उलटं वाचू नका. सरकत नाही म्हणजे न्यूमोथोरॅक्स आहेच, असं नाही. ट्यूब उजव्या ब्रॉन्कसमध्ये, म्हणजे श्वासनळीच्या उजव्या फांदीत, खोल गेली असेल तर डावी बाजू सरकणार नाही, आधीचा आजार होऊन प्लुरा चिकटलेली असेल तर सरकणार नाही, फुफ्फुस फार कडक झालं असेल तर नीट सरकणार नाही, पेशंट श्वासच घेत नसेल तर कुठेच सरकणार नाही. एम मोडमध्ये (एकाच रेघेवरची हालचाल वेळेनुसार दाखवणारा मोड) समुद्रकिनाऱ्यासारखं चित्र जाऊन बारकोडसारख्या सरळ रेघा आल्या म्हणून लगेच आयसीडी (छातीतली हवा काढायची नळी) टाकायला धावायचं नाही. खात्री हवी तर लंग पॉइंट शोधायचा, म्हणजे अशी जागा जिथे एका श्वासात फुफ्फुस येऊन भिंतीला लागतं आणि परत दूर जातं, स्क्रीनच्या एका बाजूला सरकणं आणि दुसऱ्या बाजूला स्तब्ध. डॅनियल लिश्टेनश्टाइन या आयसीयूतल्या फ्रेंच डॉक्टरच्या गटाने 2000 साली जे छापलं त्यात लंग पॉइंटची स्पेसिफिसिटी (आजार नसताना चुकून "आहे" न म्हणणं) 100 टक्के होती पण सेन्सिटिव्हिटी (आजार असताना तो पकडणं) 66 टक्के. म्हणजे दिसला तर आहेच, नाही दिसला तर सांगता येत नाही, आणि फुफ्फुस पूर्ण बसलेलं असेल तर लंग पॉइंट मिळणारच नाही कारण ते भिंतीला कुठेच लागत नाही. हे वाक्य प्रोबच्या डब्यावर छापायला हवं असं मला मनापासून वाटतं.

लिश्टेनश्टाइनचं नाव आलंच आहे तर ब्लू प्रोटोकॉलबद्दल बोलू, कारण बहुतेक जण इथूनच सुरुवात करतात आणि करावीही. 2008 मध्ये आलेला हा अभ्यास, श्वास निकामी होऊन आयसीयूत आलेल्या पेशंटच्या छातीवर ठरलेल्या जागी प्रोब ठेवायचा, सरकणं, ए लाइन, बी लाइन, घट्ट झालेला भाग, पाणी, आणि गरज पडली तर पायाच्या शिरांतली गुठळी, एवढं बघून एकेक फांदी उतरत निदानापर्यंत जायचं. दोन्ही बाजूंना पुढे सरकणाऱ्या प्लुरासकट भरपूर बी लाइन्स तर हार्टमुळे आलेलं पाणी, पुढे स्वच्छ ए लाइन्स आणि पायात गुठळी तर पल्मनरी एम्बोलिझम (फुफ्फुसात अडकलेली गुठळी), ए लाइन्स आहेत पण गुठळी नाही आणि मागे बाजूलाही काही नाही तर सीओपीडी (श्वासनळ्यांचा जुनाट आजार) किंवा दमा, एका बाजूला बी आणि दुसऱ्या बाजूला ए तर निमोनिया, अशी साधारण वाट. 260 पेशंटमध्ये 90.5 टक्के वेळा उत्तर बरोबर आलं. हा आकडा सगळ्यांच्या तोंडी असतो. पण त्याच पेपरमधली दुसरी गोष्ट कमी लोक सांगतात, की पेशंट मुळात 301 होते आणि त्यातले 41 बाजूला काढले, ज्यांचं निदान शेवटपर्यंत लागलं नाही, ज्यांना एकापेक्षा जास्त कारणं होती किंवा ज्यांचा आजार दुर्मिळ होता. आता सांगा, आपल्या समोर जो पेशंट असतो त्याला एकच कारण कितीदा असतं? हार्ट आधीच कमजोर, त्यात निमोनिया, त्यात किडनी बंद म्हणून पाणी वाढलेलं, हाच तर रोजचा पेशंट. त्यामुळे ब्लू प्रोटोकॉल शिका, जागा त्याच वापरा, शिस्त तीच ठेवा, पण शेवटच्या फांदीवर लिहिलेलं नाव केसपेपरवर जसंच्या तसं उतरवू नका. तसंही ए लाइन्सच्या फांदीवर एम्बोलिझम आणि दमा दोन्ही बसतात, आणि पायात गुठळी नाही म्हणून फुफ्फुसात नाही असं होत नाही.

बी लाइन्सवर थोडं जास्त बोलतो कारण सगळ्यात जास्त नुकसान इथे होताना बघतो. एका जागेत तीन किंवा जास्त बी लाइन्स म्हणजे त्या जागी पॉझिटिव्ह, हे 2012 च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींमध्ये आहे आणि शिकायला खरंच सोपं आहे, नवीन रेसिडेंटही लवकर ओळखायला लागतो. अडचण ओळखण्यात नाहीच, पुढे आहे. बी लाइन दिसली, फुफ्फुसात पाणी आहे, द्या फ्युरोसेमाइड (लघवीवाटे पाणी काढणारं औषध). अरे थांब! बी लाइन म्हणजे तापासारखी आहे, काहीतरी बिघडलंय एवढं खात्रीने सांगते, काय बिघडलंय ते नाही. हार्टमुळे साचलेलं पाणी, एआरडीएस (फुफ्फुसं सुजून त्यांत पाणी भरण्याचा गंभीर आजार), दोन्हीकडचा निमोनिया, जुनं फायब्रोसिस (फुफ्फुसातले व्रण), सगळ्यांत बी लाइन्स येतात. फरक करायचा तर प्लुराकडे बघा. हार्टच्या पाण्यात प्लुरा सहसा गुळगुळीत, बारीक, छान सरकणारी, आणि बी लाइन्स दोन्हीकडे साधारण सारख्या, खाली जास्त वर कमी. एआरडीएसमध्ये प्लुरा जाडसर, खडबडीत, तुटक, सरकणं कमी, प्लुराखाली छोटे छोटे घट्ट झालेले ठिपके, आणि मुख्य म्हणजे मध्येच एखादा भाग एकदम स्वच्छ सुटलेला, शेजारी दाट बी लाइन्स आणि लगेच पुढे ए लाइन्स. हा सुटलेला भाग दिसला की मी तरी फ्युरोसेमाइडची घाई करत नाही आणि आधी हार्टवर प्रोब ठेवून डावं व्हेंट्रिकल, म्हणजे शरीरभर रक्त ढकलणारा कप्पा, कसं चाललंय ते बघतो. प्लुरा नीट बघायला स्क्रीनवरच्या चित्राची खोली कमी करावी लागते आणि जमलं तर लिनियर प्रोब (सपाट तोंडाचा, वरवरचं बारीक दाखवणारा) लागतो, 15 सेंटीमीटर खोली ठेवून वरच्या अर्ध्या सेंटीमीटरबद्दल बोलू नये.

घट्ट झालेल्या भागाबद्दल, म्हणजे कन्सॉलिडेशनबद्दल, छोटा प्रोब अपेक्षेपेक्षा चांगला निघाला. मागे बाजूला, डायफ्रामच्या (छाती आणि पोटामधल्या पडद्याच्या) वर, लिव्हरसारखं दिसणारं फुफ्फुस आणि त्यात पांढरे ठिपके किंवा फांद्या, त्या म्हणजे ब्रॉन्कसमधली हवा. ती हवा श्वासाबरोबर हलताना, पुढे पळताना दिसली तर निमोनियाकडे झुकतं, कारण ब्रॉन्कस उघडा आहे, हे 2009 च्या अभ्यासात 94 टक्के स्पेसिफिक निघालं, पण सेन्सिटिव्हिटी 61 टक्के, म्हणजे हलत नाही म्हणून निमोनिया नाही असं म्हणायचं नाही. हवा स्थिर असेल तर कफाने नळी बंद होऊन फुफ्फुस बसलं असण्याची शक्यता वाढते, मग सक्शन (कफ ओढून काढणं), फिजिओथेरपी, गरज वाटली तर ब्रॉन्कोस्कोपी (श्वासनळीत दुर्बीण घालणं) आणि नंतर परत तिथेच प्रोब. हा "परत तिथेच प्रोब" मला फार मोलाचा वाटतो. सक्शन झालं, एक्सरे लिहिला, टेक्निशियन आला, प्लेट मागे सरकवली, रिपोर्ट आला, तोवर पेशंटचं चित्र दोनदा बदललेलं असतं.

छातीतल्या पाण्यासाठी तर वादच नाही. एक्सरेत एक बाजू पांढरी, पाणी आहे की फुफ्फुस बसलंय की दोन्ही, हा प्रश्न काही सेकंदांत सुटतो. किती आहे याचाही अंदाज येतो, उताणा, छाती थोडी उचललेला पेशंट, मागच्या अॅक्झिलरी लाइनवर (काखेच्या मागच्या कडेची उभी रेघ) तळाशी प्लुराच्या दोन थरांतलं जास्तीत जास्त अंतर मिलिमीटरमध्ये मोजायचं आणि 20 ने गुणायचं, आले मिलिलिटर. 30 मिलिमीटर म्हणजे साधारण 600. हे सूत्र व्हेंटिलेटरवरच्या पेशंटमध्येच तपासलेलं आहे म्हणून आपल्या कामाचं. आकड्याला फार चिकटून राहू नका, काढायचं की नाही हे पेशंट ठरवतो, पण सुई कुठे घालायची, डायफ्राम कुठे आहे, श्वासाबरोबर फुफ्फुस किती खाली येतं हे बघितल्याशिवाय आता मी कुणालाही आयसीयूत पाणी काढू देत नाही. आत जाळ्या, पडदे दिसले तर साधी सुई पुरणार नाही हेही आधी कळतं, आणि हे सीटीपेक्षाही सोनोग्राफीत छान दिसतं.

एक्सरे आणि स्टेथोस्कोपशी तुलना करायची तर 2004 चा एक अभ्यास मला अजूनही सगळ्यात स्पष्ट वाटतो. 32 एआरडीएसचे पेशंट, सीटी हा कस, आणि तिघांची परीक्षा. छातीतल्या पाण्यासाठी अचूकता स्टेथोस्कोपची 61 टक्के, एक्सरेची 47, सोनोग्राफीची 93. कन्सॉलिडेशनसाठी स्टेथोस्कोप 36, एक्सरे 75, सोनोग्राफी 97. फुफ्फुसाच्या जाळीतल्या पाण्यासाठी 55, 72 आणि 95. पेशंट कमी आहेत, करणारे लोक या विषयातले मुरलेले होते, त्यामुळे आपल्या हातात एवढे आकडे येतील असं समजू नका. तरी एक्सरे 47! उताण्या पेशंटचा पोर्टेबल एक्सरे बघून पाणी आहे-नाही यावर राऊंडमध्ये भांडणारे आपण सगळे. एक्सरे मात्र बंद करू नका, ट्यूब किती खोल, लाइनचं टोक कुठे, एकूण दोन्ही फुफ्फुसांचं चित्र, हे एका नजरेत त्यातच मिळतं.

आता मुख्य मुद्दा, परत परत बघणं. छातीचे 12 भाग करायचे, प्रत्येक बाजूला सहा, पुढे, बाजूला, मागे, वर आणि खाली, आणि प्रत्येक भागाला 0 ते 3 गुण. 0 म्हणजे ए लाइन्स, 1 म्हणजे सुट्या बी लाइन्स, 2 म्हणजे एकमेकींत मिसळलेल्या, 3 म्हणजे घट्ट. बेरीज 0 ते 36. पहिल्या दिवशीचा आकडा एकटा फार काही सांगत नाही असं माझं मत, पण त्याच पेशंटचा आकडा कसा हलतो ते बघायला लागलात की मजा यायला लागते, खरंच. डायलिसिस चालू असतानाच बी लाइन्स कमी होताना दिसतात. पीप (श्वास सोडल्यावरही व्हेंटिलेटर फुफ्फुसात राखतो ते प्रेशर) वाढवला आणि मागचे घट्ट भाग 3 वरून 2, 2 वरून 1 वर आले तर फुफ्फुस उघडतंय हे डोळ्यांनी दिसतं. पालथं झोपवल्यावर पाठीकडचं फुफ्फुस उघडतंय का ते दिसतं, अँटिबायोटिक लागू पडतंय का याचाही अंदाज येतो. पण एक धोका इथे आहे आणि तो मोठा आहे, फुफ्फुस उघडलेलं दिसतं पण जास्त ताणलेलं दिसत नाही, कारण निरोगी हवा आणि जास्त भरलेली हवा दोन्ही ए लाइन्सच दाखवतात. म्हणून सोनोग्राफी बघून पीप चढवत जाऊ नये, प्लॅटो प्रेशर, ड्रायव्हिंग प्रेशर (फुफ्फुसावरचा ताण सांगणारे व्हेंटिलेटरवरचे आकडे), बीपी बाजूला ठेवून तर नाहीच नाही. हे मी ज्युनियरना प्रत्येक वेळी सांगतो आणि पुढेही सांगत राहणार.

ट्यूब काढण्याच्या वेळी हे मी आता जवळजवळ नेहमीच बघतो. 2012 च्या एका अभ्यासात व्हेंटिलेटरशिवाय श्वास घेण्याच्या चाचणीच्या शेवटी हाच स्कोअर काढला होता, 13 पेक्षा कमी असलेल्यांना ट्यूब काढल्यावर त्रास होण्याची शक्यता कमी, 17 पेक्षा जास्त असलेल्यांना जास्त, आणि मधले लोक मधेच, त्यांच्याबद्दल स्कोअर गप्प. मला यात आकड्यापेक्षा चाचणीच्या आधीचा आणि नंतरचा फरक जास्त बोलका वाटतो. वरवर पेशंट शांत आहे, श्वास ठीक, पण अर्ध्या तासात पुढच्या भागांत बी लाइन्स उगवल्यात, म्हणजे प्रेशरचा आधार काढल्याबरोबर हार्टवर ताण येऊन पाणी चढतंय. अशा पेशंटची ट्यूब काढायच्या आधी पाणी काढा, नाहीतर काढल्यावर लगेच एनआयव्ही (ट्यूबशिवाय मास्कने दिलेला व्हेंटिलेटरचा आधार) लावायची तयारी ठेवा. ही माहिती त्या क्षणी दुसरीकडून मिळत नाही. सोबत डायफ्राम किती हलतोय तेही बघता येतं, पण ते मोजायला हात बसायला वेळ लागतो आणि छोट्या स्क्रीनवर तर फारच.

यंत्राबद्दल. चांगलं आधी: पटकन सुरू होतं, दोन बेडच्या मधल्या गर्दीत ट्रॉली घुसत नाही तिथे हे पोचतं, आयसोलेशनच्या खोलीत नेऊन पूर्ण पुसून बाहेर काढता येतं, कोविडच्या काळात याच कारणाने अनेकांच्या हातात ते पहिल्यांदा आलं. साध्या प्रश्नांना, म्हणजे सरकतंय का, बी लाइन्स आहेत का, पाणी आहे का, याची उत्तरं देण्यात ट्रॉलीच्या मशीनशी फार फरक जाणवला नाही. खटकलं ते असं, सलग बारा भाग बघायला बसलं की प्रोब गरम होतो आणि काही वेळा मध्येच थांबतो, बॅटरी पटकन उतरते, म्हणजे ऐन घाईत चार्जर शोधा. एकाच प्रोबमध्ये सगळं देणाऱ्या प्रकारात प्लुराचं बारीक चित्र खऱ्या लिनियर प्रोबसारखं येत नाही, आणि एआरडीएस की हार्ट हा प्रश्न त्या बारीक चित्रावरच तर सुटतो, त्यामुळे तेवढ्यासाठी मी अजून ट्रॉली ओढतो. जाड पेशंटमध्ये खोल भागात चित्र धूसर होतं. क्लिप सेव्ह करायला इंटरनेट लागतं अशी अॅप आहेत, आयसीयूच्या एका कोपऱ्यात नेटवर्क नसलं की काम अडतं, आणि पेशंटच्या क्लिप कुणाच्या तरी वैयक्तिक मोबाईलमध्ये पडून राहतात हे तर अजिबात चालणार नाही, घ्यायच्या आधी या दोन गोष्टी नक्की विचारा.

सेटिंगचं एक सांगायचं राहिलं. पोटाच्या किंवा हार्टच्या सेटिंगवर फुफ्फुस बघू नका. चित्र सुंदर दिसावं म्हणून मशीन आपणहून कृत्रिम रेघा पुसून टाकतं, आणि आपल्याला तर त्या रेघाच हव्या असतात. लंग प्रीसेट (फुफ्फुसासाठीचं तयार सेटिंग) असेल तर तो लावा, नसेल तर हार्मोनिक, कंपाउंडिंग असलं चित्र सुधारणारं सगळं बंद करा, फोकस प्लुराच्या रेघेवर आणा. एकाच पेशंटला रोज वेगळ्या प्रोबने वेगळ्या सेटिंगवर बघून "बी लाइन्स कमी झाल्या" असं लिहू नये, कदाचित सेटिंगनेच कमी केल्या असतील.

कुठे चालत नाही तेही स्पष्ट लिहितो. त्वचेखाली हवा पसरलेली असेल तर काहीच दिसत नाही, प्रोब ठेवला की सगळं पांढरं धुकं, आणि तिथल्या उभ्या रेघांना कुणी बी लाइन्स म्हणतं, पण बरगडी आणि प्लुरा ओळखू आल्याशिवाय खालच्या कुठल्याही रेघेला नाव द्यायचं नाही. छातीवर मोठं ड्रेसिंग, भाजलेली जागा, तिथेही अडतं. प्लुरापर्यंत न पोचलेला, मध्ये खोल दडलेला आजार दिसत नाही, तिथे सीटीच. आणि पाठीकडचे भाग, सगळ्यात जास्त आजार तिथे असतो आणि सगळ्यात कमी बघितला जातो, कारण पेशंट थोडा वळवावा लागतो, सिस्टरची मदत लागते. पुढचे चार भाग बघून "लंग सोनोग्राफी नॉर्मल" लिहिणं मला अजिबात पटत नाही.

ज्या हॉस्पिटलमध्ये सीटी दूर आहे किंवा एक्सरेही वेळेवर होत नाही तिथे हे घ्याच, यात मला काडीचीही शंका नाही. एआरडीएसच्या 2012 च्या बर्लिन व्याख्येत एक्सरे किंवा सीटी हवाच होता, मग 2016 मध्ये रवांडातल्या किगालीच्या अभ्यासात एक्सरेऐवजी सोनोग्राफी आणि ब्लड गॅसऐवजी (रक्तातल्या ऑक्सिजनची तपासणी) बोटावरचं सॅच्युरेशन घेऊन निदान करता येतं का ते बघितलं, आणि 2023 मध्ये मांडलेल्या नव्या जागतिक व्याख्येत सोनोग्राफीला अधिकृत जागा मिळाली, अट एवढीच की करणारा नीट शिकलेला हवा. म्हणजे साधनं कमी असलेल्या ठिकाणच्या पेशंटलाही एआरडीएस होतो हे शेवटी कागदावर आलं. मला याचा मनापासून आनंद आहे.

शिकायचं कसं असं विचारणारे खूप असतात. व्हिडिओ बघून चिन्हं पाठ होतात, हात बसत नाही. आधी निरोगी फुफ्फुस भरपूर बघा, सरकणं डोळ्यात बसू द्या, मग ज्यांचं सीटी झालंय अशा पेशंटवर प्रोब ठेवून जुळवून बघा, आणि शेजारी कुणीतरी जाणता उभा असू द्या. एकट्याने शिकून एकट्याने रिपोर्ट लिहिणारा माणूस खूप आत्मविश्वासाने चुकू शकतो. नर्स आणि फिजिओथेरपिस्टनाही शिकवा, सक्शनच्या आधी आणि नंतर बघायचं असेल तर तिथे दिवसभर तेच असतात.

आणि बघितलं की लिहा, पण "बोथ लंग बी लाइन्स प्लस" असं नको, त्यावरून संध्याकाळच्या डॉक्टरला काहीच कळत नाही. कुठला भाग, किती गुण, प्लुरा कशी, पेशंट उताणा की पालथा, पीप किती होता, ऑक्सिजन किती, कुठल्या प्रोबने बघितलं, आणि कुठले भाग बघताच आले नाहीत ते. एका ओळीत बसतं. पुढचा माणूस त्याच जागी प्रोब ठेवेल तेव्हा त्याला काहीतरी जुळवायला मिळेल.